समईमागचे हत्यार

मराठी घरात देवापुढे समई तेवत असते. दिवेलागणीला तिच्यात तेल घातले जाते, वाती सारल्या जातात आणि सणासुदीला ती चिंचेने घासून लख्ख केली जाते. घासताना तिचे भाग सुटे करावे लागतात. खालची बैठक, मधला दांडा, तेलाचे तबक आणि वरचा कळस हे सारे एकमेकांत आट्यांनी बसलेले असतात. दांड्यावर एकाखाली एक वळी असतात, तबकाची कड सारख्या जाडीची असते, आणि बैठकीचा घेर बोटांनी चाचपला तरी कोठे उंचसखल लागत नाही. ही गोलाई आणि हा गुळगुळीतपणा कोणत्या हत्याराने आला, हा प्रश्न मात्र समई घासणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही.

तमिळनाडूत कावेरीकाठच्या कुंभकोणम परिसरात हा प्रश्न घरोघरचा आहे. कुंभकोणमपासून काही मैलांवर नाचियारकोविल नावाचे गाव आहे. तेथील पितळी दिवे साऱ्या दक्षिण देशात प्रसिद्ध आहेत. तमिळ भाषेत त्या दिव्याला कुत्तुविळक्कु म्हणतात. रूपाने तो आपल्या समईचाच भाऊबंद असून त्याच्या शिखरावर बहुधा हंस बसवलेला असतो. कुंभकोणमच्या दुसऱ्या अंगाला स्वामीमलै आहे, तेथे मेणाचा साचा करून पंचधातूच्या देवमूर्ती ओततात. कुंभकोणमच्या पेठेत पितळेच्या भांड्यांची दुकाने रांगेने लागलेली दिसतात. हा मुलूख मराठी मनाला परका नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला जे राज्य उभे केले, ते १८५५ पर्यंत चालले. त्याच घराण्यातील दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते आणि ग्रंथांप्रमाणेच शास्त्रीय उपकरणांचाही त्यांना मोठा नाद होता. तंजावरी वळणाची मराठी बोलणारी कुटुंबे त्या भागात आजही आहेत.

नाचियारकोविलचा दिवा जन्माला येतो तो मातीत. कावेरीच्या गाळाची बारीक माती, जिला तेथे वंडल म्हणतात, साचे करण्यास फार सोयीची असते. त्या साच्यात वितळलेले पितळ ओतले की दिव्याचा एकेक भाग तयार होतो. पण साच्यातून निघालेला हा भाग ओबडधोबड असतो. त्याच्या अंगाला माती चिकटलेली असते, कडांना पाती फुटलेली असतात आणि रंग काळपट असतो. मग तो लेथवर चढतो. लेथ म्हणजे फिरत्या वस्तूला स्थिर हत्यार लावून तिला गोल आकार देणारे यंत्र. जुन्या मराठीत त्याला चरक म्हणत, आणि त्यावर लाकूड व हस्तिदंत कातणाऱ्यास कातारी. पूर्वी एक माणूस दोरी ओढून चरक फिरवी आणि दुसरा हत्यार धरी. आता दोरीची जागा विजेच्या मोटारीने घेतली आहे. यंत्र बदलले, तरी काम तेच राहिले: पितळ फिरते, पोलादाचे टोक त्याला टेकते, आणि सोनेरी कीस उडून आतले रूप बाहेर येते.

असे लेथ मोठ्या कारखान्यांत असतात तसेच घराच्या ओसरीवर, मागच्या पडवीत, पत्र्याच्या छपराखालीही असतात. तेथे बाप लेथवर उभा राहतो, मुलगा कानस चालवतो आणि घरातील बायका दिव्यांना झिलई देतात. अशा घरगुती कार्यशाळेचे अर्थकारण समजून घ्यायचे असेल, तर लेथपेक्षा त्या पोलादाच्या टोकाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे.

लेथ ही दीर्घायुषी वस्तू आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला आणि त्याच घराण्याने १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा लेथचा कारखाना काढला. तो कारखाना पुढे बंद पडला, पण तेथून बाहेर पडलेले लेथ जुन्या यंत्रांच्या बाजारात अजून मिळतात आणि नीट राखले तर मुकाट्याने काम देतात. यंत्रासाठी कर्जही मिळते. १९५५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय लघुउद्योग निगमाने छोट्या कारखानदारांना हप्त्यावर यंत्रे देण्याची सोय केली, आणि पुढे बँकाही या कामात उतरल्या. परंतु हत्याराच्या टोकासाठी कोणी कर्ज देत नाही. ते आज बोथटते, उद्या तुटते, आणि परवा नवे आणावे लागते. त्याचा पैसा रोजच्या मजुरीतून जातो. यंत्र एकदा घेतले की झाले. हत्यार मात्र जन्मभर घ्यावे लागते. म्हणून ते स्वस्तात कोठून मिळवावे, हा प्रश्न त्या घराच्या दृष्टीने मिठामिरचीच्या प्रश्नाइतकाच निकडीचा असतो.

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर घराच्या अडगळीतच सापडते. ते उत्तर म्हणजे झिजलेली कानस. चांगली कानस ही उच्च कार्बनच्या पोलादाची असते, म्हणजे तिच्यात शेकडा एकाच्या आसपास किंवा थोडा अधिक कार्बन असतो. दात गेले तरी पोलाद जात नाही. कानशीचे दात सहाणेच्या चाकावर पूर्ण घासून काढावेत, कारण दाताच्या प्रत्येक खाचेतून पुढे तडा जाण्याचा संभव असतो. मग टोकाला हवा तो आकार द्यावा. घासताना पोलाद तापून निळे पडू देऊ नये, निळे पडले की त्याचा कणखरपणा गेला असे समजावे. म्हणून दर काही क्षणांनी ते पाण्यात बुडवीत राहावे.

कानस तशीच वापरली तर ती काचेसारखी ठिसूळ असते. तिला थोडे उतरवावे लागते. टोक घासून चकचकीत करावे आणि हळूहळू तापवावे. सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला त्यावर गव्हाच्या काडासारखा फिकट पिवळा रंग येतो. तेथेच थांबावे. रंग तपकिरी, जांभळा, निळा असा पुढे गेला तर धार मऊ होते. दुसऱ्या एखाद्या पोलादी तुकड्याला नव्याने पाणी द्यायचे असेल, तर त्याचे टोक चेरीसारखे लाल होईपर्यंत भट्टीत तापवावे. डोळ्याचा भरवसा नसेल तर लोहचुंबकाचा आधार घ्यावा. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्यानंतर किंचित अधिक तापवून ते पाण्यात किंवा, तुकडा बारीक असेल तर, तेलात बुडवावे आणि मग वर सांगितल्याप्रमाणे फिकट पिवळ्या रंगावर उतरवावे. खेड्यातला लोहार विळ्याला पाणी देतो ती हीच विद्या.

येथे एक सावधगिरी हवी. बाजारात मिळणाऱ्या काही हलक्या कानशी केवळ वरच्या कातडीपुरत्या कडक असतात, त्यांचा गाभा मऊ लोखंडाचा असतो. त्यांच्यापासून हत्यार केले तर दोनदा धार लावताच आतले मऊ लोखंड उघडे पडते. गाडीच्या पाटाच्या स्प्रिंगचे पोलादही अनेक जण वापरतात. ते चिवट असते, पण त्यात कार्बन कमी असल्यामुळे लेथच्या हत्याराला पुरेशी कठीण धार त्यातून येत नाही. हत्यार धरण्याच्या दांड्यासाठी ते चांगले. जुन्या बॉलबेअरिंगच्या कड्याचे पोलाद मात्र अधिक कार्बनचे आणि क्रोमियम मिसळलेले असते. ते सोयीच्या आकारात घडवता आले, तर त्याचे हत्यार उत्तम होते. त्याला पाण्याऐवजी तेलात थंड करावे.

पोलादाची ही पारख या मुलुखाला नवी नाही. तमिळ देशात कोडुमणल येथील उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोहकामाच्या खुणा सापडल्या आहेत, आणि मुशीत तयार होणारे दक्षिण भारताचे पोलाद वूट्झ या नावाने युरोपात पोचले होते. लंडनचा हत्यारकार जेम्स स्टोडार्ट या वूट्झवर फार खूष होता. त्याच्याच जोडीने मायकेल फॅरडे याने १८२० च्या सुमारास पोलादात निरनिराळे धातू मिसळण्याचे प्रयोग केले. पुढे १८६८ साली इंग्लंडात रॉबर्ट मशेट याने टंगस्टन मिसळलेले पोलाद काढले, ते केवळ हवेत निवले तरी कडक होई. १८९८ ते १९०० या काळात अमेरिकेत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी तशाच मिश्रपोलादाला पूर्वी कोणी धजले नव्हते इतकी उष्णता देऊन पाहिली, आणि त्यांच्या हाती एक विलक्षण गोष्ट लागली. ते हत्यार लाल होईपर्यंत तापले तरी कापत राहिले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे दृश्य पाहून यंत्रकार थक्क झाले. याच पोलादाला हायस्पीड पोलाद असे नाव पडले. साधे कार्बन पोलाद दोनशे-अडीचशे अंशांपुढे मऊ पडू लागते, तर हायस्पीड पोलाद सुमारे सहाशे अंशांपर्यंत धार धरून राहते.

घरगुती कातकामाला स्वस्त हत्याराचा दुसरा झरा मिळतो तो या हायस्पीड पोलादाच्या भंगारात. मोठा कारखाना तुटलेला ड्रिल, बोथटलेला रीमर, दात गेलेला मिलिंग कटर टाकून देतो, कारण तो पुन्हा धारेवर आणण्यापेक्षा नवा घेणे त्याला परवडते. घरच्या कारागिराचे गणित नेमके उलटे असते. तुटलेल्या ड्रिलच्या तुकड्यातून बारीक काम करणारे हत्यार होते. यांत्रिक करवतीच्या जाड पात्यातून दिव्याचा भाग कापून वेगळा करण्याचे अरुंद हत्यार होते. तुटलेल्या टॅपचे शाबूत दात आतील आटे खोलण्यास उपयोगी पडतात. ज्या धंद्यात प्रत्येक वस्तूचे चारपाच भाग आट्यांनी जुळवायचे असतात, तेथे ही लहान गोष्ट नव्हे.

हा माल ओळखायचा कसा? त्यासाठी सहाणेचे चाक हाच पारखी. तुकडा क्षणभर चाकाला टेकवावा आणि ठिणग्या पाहाव्यात. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि साध्या असतात, त्या फारशा फुटत नाहीत. कार्बन पोलादाच्या ठिणग्या दिवाळीच्या फुलबाजीसारख्या पांढुरक्या होऊन जागोजाग फुटतात. हायस्पीड पोलादाच्या ठिणग्या मंद, तांबूस आणि तुटक असतात, त्यांना फुले जवळजवळ येतच नाहीत. ज्याने ही तीन रूपे एकदा नीट पाहिली, त्याला भंगारवाल्याच्या ढिगातून योग्य तुकडा उचलण्यास दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. तरीही दोन ठिकाणी फसगत होते. मोठ्या ड्रिलचा मागचा दांडा पुष्कळदा साध्या पोलादाचा असतो आणि तो पुढच्या भागाला सांधलेला असतो, म्हणून चाचणी दोन्ही टोकांना घ्यावी. दुसरे असे की करवतीच्या काही पात्यांना केवळ दातांपुरतीच हायस्पीड पोलादाची पट्टी असते. दात घासून काढले की हाती काहीच उरत नाही.

आणखी एक ध्यानात ठेवावे. हायस्पीड पोलादाला घरच्या भट्टीत पाणी देण्याच्या भरीस पडू नये. त्याला लागणारी बाराशे अंशांच्या पलीकडची उष्णता घरच्या साधनांनी नीट साधत नाही. ते मूळचेच कडक असते. फक्त घासून आकार द्यावा आणि कामाला लावावे.

असा माल मिळण्याची ठिकाणे सांगायची तर कुंभकोणमच्या कारागिराला तिरुचिरापल्ली फार दूर नाही. तेथे पोन्मलै येथे रेल्वेची जुनी कार्यशाळा आहे आणि १९६० च्या दशकात उभा राहिलेला बॉयलरचा प्रचंड सरकारी कारखाना आहे. त्यांच्याभोवती लहानमोठ्या कार्यशाळांचे जाळे विणले गेले आहे. मोठ्या कारखान्यांचे भंगार लिलावात घाऊक जाते, ते एकट्या घराच्या आवाक्याबाहेरचे. पण ज्या व्यापाऱ्याने ते घेतलेले असते, त्याच्या वखारीत वजनावर निवडून घेण्याची मुभा पुष्कळदा मिळते. कोइमतूर हे पंप, मोटारी आणि लेथ यांचे शहर असल्यामुळे तेथे जुने चक, जुने टेलस्टॉक आणि सुटे भाग मिळतात. महाराष्ट्रातील हौशी माणसाला मुंबईची नागदेवी गल्ली आणि पुण्याचा जुना बाजार ही नावे सांगावी लागत नाहीत. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांची घराणी पेशवाईपासून तांब्यापितळेवर जगत आली, त्यांनाही हत्यारासाठी अशीच पायपीट करावी लागली असणार.

जुने घ्यावे हे खरे, परंतु सगळेच जुने घेऊ नये. तीन जबड्यांचा जुना चक वरून कितीही चांगला दिसला तरी आतून झिजलेला असू शकतो, मग वस्तू मध्यावर धरली जात नाही. त्यापेक्षा चार स्वतंत्र जबड्यांचा जुना चक घ्यावा. त्यात वस्तू मध्यावर आणण्यास वेळ लागतो, पण झीज असली तरी अचूकपणा हातात राहतो. दिव्याच्या भागांना आटे असतात, म्हणून त्याच आट्यांचा एक खुंट कातून ठेवला तर तो पुढच्या शेकडो भागांना चकाच्या जागी उपयोगी पडतो. भांडे लाखेने लाकडी ठोकळ्यावर चिकटवून फिरवण्याची जुनी रीत तर भारतातील अनेक ठिकाणच्या पितळकाम करणाऱ्यांना ठाऊक आहे. तिला खर्च जवळजवळ नाहीच.

तिसरा मार्ग नवे हत्यार विकत घेण्याचा. येथेही काटकसरीला जागा आहे. हायस्पीड पोलादाचा जाड तुकडा महाग पडतो. त्याऐवजी पाव इंची बारीक तुकडा घ्यावा आणि साध्या लोखंडाच्या चौकोनी दांड्याला तिरके भोक पाडून, स्क्रूने आवळून, त्यात तो बसवावा. कापण्याचे काम टोकच करते, मग दांड्यासाठी भारी पोलाद कशाला वाया घालवावे? आतून पोकळी कातण्याचे हत्यारही असेच होते. गोल सळईला आडवे भोक पाडून त्यात तुटलेल्या ड्रिलचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बसवला की काम भागते.

१९२६-२७ च्या सुमारास जर्मनीत टंगस्टन कार्बाइडची हत्यारे बाजारात आली. त्यांच्या एका प्रसिद्ध व्यापारी नावाचा अर्थच मुळी हिऱ्यासारखे असा होता. आज कारखान्यांत सर्वत्र कार्बाइडच्या छोट्या टिकल्या वापरतात. एकेका टिकलीला चार, सहा किंवा आठ धारा असतात आणि घाईत चालणाऱ्या कारखान्यातून एखादी धार न वापरताच ती टाकली जाते. अशा टिकल्या निवडून घेणाऱ्यास त्या भंगाराच्या भावात पडतात. परंतु कार्बाइड कठीण तसेच ठिसूळ असते. ओबडधोबड ओतीव भागावर ठेचकाळत चालताना त्याची कड उडते. साध्या करड्या चाकावर त्याला धार लागत नाही, त्यासाठी हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे किंवा हिऱ्याच्या पुडीचे चाक लागते. शिवाय कार्बाइडचा खरा लाभ वेगात आहे, आणि घरच्या जुन्या, हलक्या लेथला तो वेग सोसत नाही. म्हणून शेजाऱ्याने घेतले एवढ्यासाठीच ते घेऊ नये.

ओतीव पितळाबाबत एक गोष्ट जुने कारागीर न सांगताच शिकवतात. ओतलेल्या भागाच्या कातडीत मातीचे कण रुतलेले असतात, आणि मातीचा कण हा पोलादाचा शत्रू. जो नवशिक्या भीतभीत वरवरचा पातळ कीस काढू पाहतो, त्याच्या हत्याराचे टोक त्या मातीतच घासत राहते आणि काही क्षणांत बोथटते. जाणता कारागीर आधी जुन्या कानशीने किंवा तारेच्या ब्रशाने माती झाडतो, आणि मग पहिलाच कीस कातडीच्या खाली जाईल इतका खोल घेतो. टोक स्वच्छ धातूत शिरते आणि कातडी सालीसारखी निघून जाते. त्यासाठी एखादे स्वस्त, मजबूत हत्यार वेगळे ठेवावे. चांगल्या धारेने अखेरचा हात फिरवावा.

धारेचा आकारही पितळाला वेगळा लागतो. पोलाद कापणाऱ्या हत्याराच्या माथ्याला मागे उतार देतात. तेच हत्यार पितळाला लावले तर ते आत ओढले जाते, भाग उसळतो आणि टोक मोडते. पितळासाठी माथा सपाट ठेवावा, खालच्या बाजूला तेवढी मोकळीक द्यावी. ड्रिलच्या ओठांनाही पितळासाठी किंचित सपाटी देतात, ती याच कारणाने. शिवाय टोक नेमके फिरणाऱ्या वस्तूच्या मध्याच्या उंचीवर असले पाहिजे. ते पाहण्यास महागडे माप नको. टोक आणि वस्तू यांच्यामध्ये पोलादी पट्टी हलकेच धरावी. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर, कलली तर टोक वर किंवा खाली आहे. खाली असेल तर पत्र्याचा तुकडा घालून उचलावे. पुष्कळ हत्यारे धारेच्या दोषाने मोडत नाहीत, ती या एका उंचीच्या हलगर्जीपणाने मोडतात.

आता ज्याला पैसाच पडत नाही अशा मार्गाकडे वळू. टेलरने धातू कापण्याच्या कलेवर सव्वीस वर्षे प्रयोग केले आणि १९०६ साली ते अमेरिकेतील यंत्रअभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. त्याने दाखवून दिले की हत्याराचे आयुष्य वेगाशी साध्या प्रमाणात घटत नाही, ते फार झपाट्याने घटते. हायस्पीड पोलादाच्या बाबतीत कापण्याचा वेग दहावा हिस्सा कमी केला तर दोन धारांमधला काळ सुमारे दुपटीहून अधिक वाढतो. पितळाला हायस्पीड पोलादाने मिनिटाला साठ मीटर हा मध्यम वेग धरला, तर ८० मिलिमीटर व्यासाच्या भागासाठी लेथने मिनिटाला सुमारे २४० फेरे घ्यावेत. कानशीपासून केलेले हत्यार असेल तर त्याच्या निम्मे, १२० फेरे पुरेत. लेथचा पट्टा एका पुलीवरून दुसरीवर सरकवण्यास काही खर्च येत नाही. पण रात्री दिवे पोचवायचे असले की घाईने पट्टा वेगाच्या पुलीवर जातो, आणि त्या घाईची किंमत दुसऱ्या दिवशी हत्याराच्या दुकानात मोजावी लागते.

स्वस्त आणि महाग यांचा हिशेब कसा करावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एक तुकडा ४० रुपयांचा आहे आणि त्याला दर वीस भागांनंतर धार लावावी लागते. दुसरा २०० रुपयांचा आहे आणि त्याला दर शंभर भागांनंतर धार लावावी लागते. धार लावून हत्यार पुन्हा बसवण्यास दहा मिनिटे लागतात. शंभर भागांमागे पहिल्यावर पन्नास मिनिटे गेली, दुसऱ्यावर दहा. कारागिराचा तास १२० रुपयांचा धरला तर शंभर भागांत ८० रुपयांचा वेळ वाचला. दोन तुकड्यांच्या किमतीतला १६० रुपयांचा फरक दोनशे भागांत भरून निघाला आणि पुढचा सारा लाभ. मात्र ज्याला महिन्यातून दहाच भाग कातायचे आहेत, त्याच्यासाठी कानशीचा तुकडाच शहाणपणाचा. तेव्हा हत्यार स्वस्त की महाग हे दुकानातील चिठ्ठीवरून ठरत नाही, त्याने किती काम करायचे आहे यावरून ठरते. हा हिशेब न केल्यामुळे काही घरे स्वस्ताच्या मागे लागून वेळ गमावतात, आणि काही घरे महागाच्या मोहाने भांडवल अडकवून बसतात.

एकट्या घराला जे जड जाते ते पाच घरांना हलके होते. हायस्पीड पोलादाच्या नव्या तुकड्यांची जुडी पाच जणांनी मिळून घेतली तर प्रत्येकास घाऊक भाव मिळतो. हिऱ्याच्या पुडीचे चाक वर्षाकाठी थोडेच वापरले जाते, ते एका आळीत एक असले तरी भागते. भंगाराच्या वखारीत जाताना ज्याची नजर ठिणग्यांवर बसलेली आहे अशा एका जुन्या कारागिराला सोबत न्यावे. त्याचा एक दिवसाचा प्रवासखर्च वाटून घेतला तरी तो स्वस्तच पडतो. घरबसल्या मागवलेल्या मालात हायस्पीड असा ठसा मारलेले साधे पोलादही कधी येते, म्हणून आधी एकच तुकडा मागवून ठिणगी पाहावी आणि मगच जुडी घ्यावी.

काटकसर मात्र डोळ्यांच्या जिवावर करू नये. पितळाचा कीस सुईसारखा उडतो, म्हणून चष्म्याविना लेथपुढे उभे राहू नये. सहाणेचे चाक बसवण्यापूर्वी ते बोटावर तोलून लाकडाच्या मुठीने हलकेच वाजवावे. नाद स्वच्छ आला तर चाक शाबूत आहे, आवाज बद्द आला तर त्यात तडा आहे आणि ते फेकून द्यावे. तडा गेलेले चाक वाचवून जे पैसे वाचतात, ते इस्पितळात पुरत नाहीत.

यंत्रातून एकसारखे निघणारे दिवे आज बाजारात कमी किमतीत येतात. नाचियारकोविलच्या घरगुती कारागिराची स्पर्धा त्यांच्याशी आहे. त्या स्पर्धेत मोठ्या यंत्राची बरोबरी करणे त्याला शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. त्याचे बळ असे की एकाच घरात ओतणारा, कातणारा आणि कोरणारा हात आहे आणि गिऱ्हाइकाच्या मनातला दिवा तो एकटाच घडवून देऊ शकतो. हे बळ टिकायचे तर रोजच्या मजुरीतला फार मोठा वाटा हत्याराने गिळता कामा नये. झिजलेली कानस, तुटलेला ड्रिल, मंदावलेला पट्टा आणि ठिणगी ओळखणारी नजर या चार गोष्टी बापाने मुलाच्या हाती दिल्या, तर पडवीतला लेथ आणखी एक पिढी फिरत राहील. आणि त्यावर कातलेल्या दिव्याचे आटे, कोणाच्या तरी देवघरात, पुढील कित्येक दिवाळ्यांना सुटे होतील आणि पुन्हा घट्ट बसतील.